पालथी पडली तरी सरळ होणारी बोट



आठवीत विज्ञानाच्या सरांनी अंड्याच्या रिकाम्या टरफलात छर्रे आणि मेण ओतून बाहुला केला होता. कितीही आडवा पाडा, पुन्हा उभा! “गुरुत्वमध्य खाली आहे, म्हणून,” सर म्हणाले. मी ते परीक्षेपुरतं लिहिलं आणि विसरलो.

पुढे जहाजावर इंजिनिअर झालो. 1998 साली आमचं जहाज वेल्समधल्या स्वान्सी बंदरात होतं. जवळच मंबल्सला जीवरक्षक बोटीचं ठाणं आहे, ते बघायला गेलो. 23 एप्रिल 1947 रोजी तिथली लाकडी बोट वादळात ‘सॅमटॅम्पा’ जहाजाच्या मदतीला निघाली. सकाळी ती खडकांवर पालथी सापडली. बोटीवरचे आठही जण गेले, जहाजावरचे 39 जणही.

मी पाहिली ती टाइन वर्गातली 47 फुटी पोलादी बोट. ती उतारावरून घसरत थेट समुद्रात उतरायची. पोलाद जड खरं, पण आपटलं तर पोचा येतो, फळीसारखं फुटत नाही. पंखे बुडाखालच्या बोगद्यांत, म्हणजे उथळ पाण्यात तळाला घासू नयेत. दोन डिझेल इंजिनं अगदी खाली आणि वर पाणी न शिरणारी बंद केबिन. बोट पालथी झाली की केबिन वर यायला धडपडते, इंजिनांचं वजन खाली ओढतं आणि काही सेकंदांत बोट सरळ. सरांचा बाहुलाच की!

त्या बोटीवरचे बहुतेक जण स्वयंसेवक. पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावायचे. ही संस्था 1824 पासून लोकांच्या देणग्यांवर चालते.

तिथे मला आपला धक्का आठवला. आपण नववीत होतो. नारळी पौर्णिमेनंतर आपल्यातल्या एकाचे वडील होडी घेऊन गेले, ते आलेच नाहीत. शाळा सुटली की आपण धक्क्यावर जाऊन उभे राहायचो. त्या होडीवर एकही लाइफ जॅकेट नव्हतं. तो मित्र आज समोर बसलाय. त्याला विचारूनच हे सांगतोय.

पोलादी बोट आणणं आपल्या आवाक्यात नाही. पण शाळेच्या कमानीसाठी आपण निधी जमवतोय. त्यातला निम्मा लाइफ जॅकेटांना द्यावा, अशी माझी विनंती आहे. शाळेतल्या ज्या मुलांचे वडील समुद्रावर जातात, त्यांच्या होड्यांपासून सुरुवात करू. जॅकेट कसं घालायचं ते दरवर्षी शिकवायला मी स्वतः येईन.

कमान दोन हात बुटकी झाली तरी चालेल.