डबा कोणाचा?

शहाडच्या एका विद्यार्थ्याने परवा मला लघुपटाची पटकथा वाचायला दिली. कारखान्यातून निवृत्त झालेले वडील. पाळीच्या वेळी त्यांना आपोआप जाग येते, ते उठून डबा शोधतात. एवढीच गोष्ट. ‘चाचा, यावर सत्यजित राय यांचा प्रभाव आहे,’ तो म्हणाला. असेलही. ‘पथेर पांचाली’ १९५५चा. त्यानंतर गरिबाचे घर दाखवताना त्यातून कोण सुटला? पण डबा काही रायबाबूंचा नव्हे.

मी त्याला नागराज मंजुळे यांची आठवण दिली. तेव्हाच्या अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकताना २००९मध्ये त्यांनी ‘पिस्तुल्या’ केला. शाळेची ओढ लागलेल्या गरीब पोराची गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मंजुळे कवीही आहेत, आणि करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. ते पोर त्यांना कुठल्या परदेशी चित्रपटात शोधावे लागले नाही.

पटकथेच्या शेवटी व्हायोलिन आहे आणि वडिलांचे लांबलचक स्वगत. दोन्ही काढ, म्हटले. कवितेतही रडणे आम्ही वाचकावरच सोडतो. तो हिरमुसला. ‘चाचा, अब्बा नाहीत का, माझे बाबा खरंच असं बोलले होते.’

मग राहू दे, म्हटले. पण दोनच वाक्ये. आणि व्हायोलिन नको.