परीक्षकाचीही परीक्षा

(चिकलठाणा येथे पालक व विद्यार्थी यांच्या सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



सभेचे निमंत्रण घेऊन जी मंडळी माझ्याकडे आली, त्यांतील एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारले, "वकीलसाहेब, तुम्ही कोर्ट सोडून कॉलेजांतून कसली कामे करीत फिरता?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर तेथे दोन वाक्यांत देता आले नाही, म्हणून ते आज येथे देतो.

एखादे महाविद्यालय मला बोलावते. आपल्या प्रश्नपत्रिका, परीक्षेचे नियम, वर्गातील अध्यापनाची व गुण देण्याची रीत माझ्यापुढे ठेवते आणि यात दोष कोठे आहे ते सांगा म्हणते. मी त्या संस्थेचा नोकर नव्हे आणि विद्यापीठाचा अधिकारीही नव्हे. ठरलेले मानधन घ्यावे, वर्गात मागील बाकावर बसून शिकविणे ऐकावे, तपासलेल्या उत्तरपत्रिका वाचाव्यात आणि आपले मत लेखी द्यावे, एवढेच माझे काम. या कामास स्वतंत्र सल्लागाराचे काम म्हणतात.

मी या वाटेला का लागलो, हे सांगितले पाहिजे. कायद्याच्या शिक्षणात एका विषयात मी अनुत्तीर्ण ठरलो. पेपर उत्तम गेला होता. कचेरीत गेलो तेव्हा उत्तर मिळाले की बेरीज पुन्हा करून मिळेल, उत्तरपत्रिका पाहता येणार नाही. अर्ज केला, पैसे भरले, थांबलो. पुरवणीतील चौदा गुण बेरजेत धरलेच नव्हते! दुरुस्त गुणपत्रिका हाती आली तेव्हा पुढील वर्गाचे प्रवेश बंद झाले होते आणि माझे एक वर्ष गेले. माझे वडील येथल्याच औद्योगिक वसाहतीत कामगार होते. ते ना रागावले, ना त्यांनी कोणास दोष दिला. ते म्हणाले, "जॉब मापातच होता. मापणाऱ्याचे गेज चुकले."

बंधूंनो, तुमच्यापैकी पुष्कळांचे आयुष्य यंत्रापाशी गेले आहे. शंभरांतील पन्नास नग नापास झाले तर कारखान्यात काय होते? लोखंडाला शिव्या देऊन कोणी घरी जात नाही. यंत्राची सेटिंग पाहतात, हत्यार झिजले काय ते पाहतात, गेज तपासतात. विद्यापीठात मात्र निम्मा वर्ग नापास झाला की पोरेच नालायक ठरतात. शिकविणे कसे झाले, प्रश्न शिकविलेल्यावर होता काय, दोन परीक्षकांनी तीच उत्तरपत्रिका तपासली तर गुण सारखे पडतील काय, हे कोणी विचारीत नाही. हे विचारणे हेच माझे काम होय.

हा विचार नवा आहे असे कोणी समजू नये. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा १९२४ साली तिच्यापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपले लेखी निवेदन सादर केले. वय तेहतीस वर्षांचे, वकिली नुकतीच सुरू झालेली, कायदेमंडळाचे सभासदत्वही अद्याप आलेले नाही. केवळ विद्येच्या अधिकाराने त्यांनी सल्ला दिला. १८५७ मध्ये स्थापन झालेले ते विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेणारे यंत्र होते आणि शिकविण्याचा भार महाविद्यालयांवर होता. विद्यापीठाने स्वतः शिकविले पाहिजे, अध्यापन व संशोधन यांची फारकत होता कामा नये, हा त्या निवेदनाचा गाभा. पुढे १९२७ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी यापेक्षाही मर्मावर बोट ठेवले. परीक्षा ही एक गोष्ट आणि शिक्षण ही निराळी गोष्ट. दर्जा उंचावण्याच्या नावाखाली परीक्षा कठोर करीत गेल्यास ज्यांना विद्यापीठाचे दार आजवर दिसलेच नाही ते बाहेरच राहतील, असा त्यांचा आक्षेप होता. पुढे १९५० साली ज्यांनी याच शहरात महाविद्यालय काढले, आणि त्याला मिलिंद हे नाव दिले, ते हेच गृहस्थ. त्या राजाच्या व नागसेन भिक्षूच्या संवादात एक अट आहे. चर्चा पंडितांच्या रीतीने व्हावी, राजांच्या रीतीने नव्हे. कारण पंडित आपली चूक दाखविली तरी रागावत नाहीत आणि राजे मात्र शिक्षा करतात. परीक्षकाने कोणत्या रीतीने वागावे, हे याहून नेमके मला सांगता येणार नाही.

याच मिलिंदमध्ये शिकलेले प्रा. सुखदेव थोरात पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. २००६ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जातिभेदाच्या तक्रारींची चौकशी त्यांच्या समितीकडे आली व २००७ मध्ये अहवाल निघाला. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत आपल्याला न्याय मिळत नाही, असे अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी त्या समितीला सांगितले. लक्षात घ्या, लेखी पेपरावर फक्त आसनक्रमांक असतो. तोंडी परीक्षेत मात्र समोर चेहरा असतो, आडनाव असते, बोलण्याची धाटणी असते. भेद शिरतो तो त्या फटीतून.

मलाही हे दिसले आहे. एका महाविद्यालयात अंतर्गत गुणांचे तक्ते चाळताना आढळले की खेड्यातून, मराठी शाळांतून आलेल्या मुलांना 'सादरीकरण' या सदराखाली वर्षानुवर्षे कमी गुण पडत होते, आणि तीच मुले लेखी परीक्षेत मागे नव्हती. सादरीकरण म्हणजे काय, हे कोठेही लिहिलेले नव्हते. मी दोन सूचना केल्या. गुण कशाचे, हे आधी लिहून मुलांना सांगा. आणि एकाच परीक्षकावर न विसंबता दोघांचे गुण घ्या. पहिली मान्य झाली. दुसरीस खर्च लागतो म्हणून ती बासनात गेली, आणि मला पुन्हा बोलावणे आले नाही. जो मानधन देतो त्याचेच दोष दाखवायचे, हा या धंद्यातला पेच आहे. तो सुटतो असे मी म्हणत नाही. वकिलीवर घर चालते म्हणून मला अप्रिय लिहिणे परवडते. ज्याचे पोट याच कामावर आहे त्याने काय करावे, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

आता कायद्याकडे वळतो, कारण माझ्यापेक्षा तो तुमच्या अधिक उपयोगाचा. उत्तरपत्रिका पाहू न देण्याचा महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली वैध ठरविला होता. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये आला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी त्याच न्यायालयाने निर्णय दिला की तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा विद्यार्थ्यास अधिकार आहे. परीक्षकाचे नाव मात्र मिळणार नाही, तेही योग्यच. या अधिकारात पुनर्मूल्यांकनाची मागणी येत नाही. ती विद्यापीठाच्या नियमांप्रमाणेच करावी लागते. निकालासंबंधी आपल्या राज्याचा २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा सांगतो की शेवटच्या पेपरापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, आणि काही झाले तरी पंचेचाळीस दिवसांत तो लागावा. असे असून २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची घाई केली आणि निकाल कित्येक महिने रखडले. सर्वांत अधिक खोळंबले ते कायद्याचे विद्यार्थी! यंत्र नवे आले म्हणून तपासणी आपोआप चोख होत नाही.

माताभगिनींनो, मुलगा नापास होऊन घरी आला तर त्याला आधी जेवू घाला. मग विचारा, उत्तरपत्रिकेची प्रत मागितली काय? विद्यापीठाची छायांकित प्रतीची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. ती सूचनाफलकावर पाहून घ्यावी. ती हुकली तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही नाही. उत्तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे, न मिळाल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील. पण उत्तरपत्रिका ठराविक काळानंतर नष्ट केल्या जातात, म्हणून विलंब नको. प्रत हाती आली की प्रथम पुरवण्या मोजा, मग प्रत्येक प्रश्नापुढे गुण आहेत काय ते पाहा, मग बेरीज करा. चौथीपर्यंत शिकलेल्या आईलाही ही बेरीज करता येते.

अर्जाचा नमुना मी आज सोबत आणला आहे. सभा संपल्यावर ज्यांना हवा त्यांनी माझ्याकडून घ्यावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज येथेच बसून लिहून देतो.