दुसरी फेरी



अध्यक्षपदावरून भविष्याची भाकिते करण्याचा शिरस्ता आता चांगलाच रुळला असला, तरी मी आज आपणांस, माणसाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या संकेतांत उतरवणाऱ्या असेंब्लर नावाच्या एका निमूट कारकुनाच्या दफ्तरात नेणार आहे. कारण हुकुमाचा अर्थ लावण्याच्या भरीस न पडता तो बिनचूक पोहोचता करणे हीही एक विद्या आहे, असे माझे फार दिवसांचे मत आहे.

इंटेलने १९७६ साली बाजारात आणलेल्या ज्या ८०८५ मायक्रोप्रोसेसरवर आपल्यापैकी अनेकांनी धुळाक्षरे गिरवली, त्याचीच ‘मूव्ह ए, बी’ ही आज्ञा घ्या. ‘बी’ या रजिस्टरमधील मजकुराची नक्कल ‘ए’मध्ये ठेवावी, एवढाच तिचा आशय. यंत्राकडे ती आठ बिटांत जाते: आरंभीची ०१ ही जोडी व्यवहाराचा प्रकार सांगते, पुढील तीन बिट घेणाऱ्याचे आणि अखेरचे तीन देणाऱ्याचे. ‘ए’चा क्रमांक १११ आणि ‘बी’चा ०००, म्हणून ०१ १११ ०००, अर्थात षोडशमान पद्धतीत ७८. नावांची अदलाबदल केली की तेच ०१ ००० १११, म्हणजे ४७ होते. रोजकीर्दीत जमेची बाजू डावीकडे असावी, तसा येथे घेणारा आधी येतो.

सात रजिस्टरे आणि ‘एम’ या नावाने ओळखली जाणारी स्मृतीतील जागा, असे आठ घेणारे व आठ देणारे धरले, तर असे व्यवहार ६४ व्हावयास हवेत. पण होतात ६३. ‘एम’ने आपलाच मजकूर आपल्यालाच द्यावा, हा निरर्थक व्यवहार रद्द करून रचनाकारांनी त्याच्या ७६ या संकेतावर ‘हॉल्ट’, म्हणजे ‘थांब’, ही आज्ञा बसवली. व्याकरणातील अपवादांवर रुष्ट होणाऱ्यांनी ही काटकसर अवश्य पाहावी.

केंब्रिजच्या एडसॅक यंत्रात १९४९ साली आज्ञा संकेतांत उतरवण्याचे हेच काम डेव्हिड व्हीलरने रचलेल्या अवघ्या ३१ आज्ञा करीत. तेथे बेरजेचे ‘ए’ हे अक्षर फितीवरून ज्या पाच बिटांत उतरे, तेच पाच बिट आज्ञेचे शीर्ष ठरत, त्यामुळे अक्षराच्या तर्जुम्याचे कारणच उरत नसे. दशमान पत्ता तेवढा द्विमानात न्यावा लागे.

आणि पत्ता हीच या कारभारातील खरी अडचण आहे. ‘२०५० येथे उडी घे’ ही आज्ञा ८०८५ साठी सी३ ५० २० अशी लिहिली जाते, धाकटा बाइट आधी आणि थोरला मागून. पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर उच्चारणाऱ्या आपणां मराठी माणसांना यात नवल वाटू नये. परंतु उडी २०५० वर घ्यावयाची नसून ‘शेवट’ असे लेबल लावलेल्या ओळीवर घ्यावयाची असेल, आणि ती ओळ अद्याप पुढे यावयाची असेल, तर कारकुनाने काय लिहावे? म्हणून तो दोन फेऱ्या करतो. पहिल्या फेरीत तो केवळ लांबी मोजतो, ‘मूव्ह’चा एक बाइट, रजिस्टरात थेट आकडा घालणाऱ्या ‘एमव्हीआय’चे दोन, उडीचे तीन, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येक लेबलाचा पत्ता फेरिस्तीत टिपून ठेवतो, दुसऱ्या फेरीत ती फेरिस्त उघडी ठेवून संकेत लिहितो.

माझ्या विद्यार्थिदशेत आमच्या प्रयोगशाळेत असेंब्लर नव्हता. ते कारकून आम्हीच होतो. कोष्टक पाहून वहीत संकेत उतरवायचे आणि ते कळफलकावरून एकेक करून यंत्रात घालायचे. एकदा मधली एक बाइटाची आज्ञा राहून गेली, ती मी मागाहून घुसडली आणि खालचे सारे एकेक घर पुढे सरकवले. उडीतील पत्ता मात्र जुनाच राहिला. त्या जुन्या पत्त्यावर आता आधीच्या ‘एमव्हीआय’चा दुसरा बाइट येऊन बसला होता. तो निव्वळ आकडा होता, ७६. पण यंत्राने त्याला हुकूम मानले आणि ते मुकाट्याने थांबले. मी अर्धा दिवस वीजपुरवठ्याच्या तारा तपासत होतो.