अडगळीतला हातखर्च
(मंदिराच्या ज्येष्ठ मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी पैशाविषयी बोलणार आहे, आणि तोही भंगाराचा पैसा. देवळात हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण तुकाराम महाराज स्वतः व्यापारी घराण्यातले. पैसा सचोटीने मिळवावा आणि मोह न धरता खर्चावा, एवढेच त्यांचे सांगणे. त्याच आधारावर बोलतो.

आपल्यापैकी पुष्कळजण साठीनंतर मुलांपाठोपाठ इथे आलो. ग्रीन कार्ड मिळाले, पण स्वतःच्या नावावर सोशल सिक्युरिटीचे पेन्शन मिळायला इथे साधारण १० वर्षांचे काम, म्हणजे ४० क्रेडिट लागतात. ती कुठून आणायची? मेडिकेअर विकत घ्यायचे तरी आधी सलग ५ वर्षांचे वास्तव्य हवे. मुले-सुना मायेने सगळे करतात, त्याबद्दल तक्रार नाही. तरीही आरतीच्या तबकात टाकायला, नातवाच्या हातावर ठेवायला, गावाकडच्या बहिणीला ओवाळणी पाठवायला दर वेळी पैसे मागताना जीभ अडखळते. हे दुःख लहान दिसते, पण रोजचे असते.

मी भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर होतो. लेथखाली पडलेला पितळेचा कीस आणि लोखंडाचा कीस आम्ही वेगळ्या पिंपांत ठेवायचो, कारण एकत्र झाला की भाव पडे. तीच सवय इथे उपयोगी पडली. महिन्याला कधी २० डॉलर मिळतात, कधी ६०. रक्कम मोठी नाही, पण माझी आहे.

पद्धत सांगतो. एक साधे चुंबक जवळ ठेवा. जे चिकटते ते बहुधा लोखंड. त्याला भाव थोडा. जे चिकटत नाही ते बाजूला काढा: तांबे, पितळ, ॲल्युमिनियम. आपली स्टीलची ताटे-वाट्याही बहुधा चुंबकाला चिकटत नाहीत, आणि त्यांना साध्या लोखंडापेक्षा बरा भाव येतो. भाव पौंडावर असतो (१ पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम) आणि बाजाराप्रमाणे बदलतो, म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा.

माल स्वच्छ केला की पैसे वाढतात. जुन्या कुकरची रबरी रिंग आणि मुठी काढा. पितळी नळाचे लोखंडी स्क्रू काढा. दिवाळीच्या बंद पडलेल्या माळांच्या वायरीतही तांबे असते. त्या तशाच विकता येतात. प्लॅस्टिक जाळून तांबे काढू नका, तो धूर विषारी असतो आणि तसे जाळणे बेकायदा आहे.

शीतपेयांच्या रिकाम्या डब्यांचा हिशेब वेगळा. न्यूयॉर्कमध्ये डब्यामागे ५ सेंट, मिशिगनमध्ये १० सेंट अनामत परत मिळते. साधारण ३० डब्यांचा एक पौंड होतो, म्हणून अशा राज्यांत डबे वजनावर विकणे तोट्याचे. जिथे अनामत नाही, तिथेच ते पौंडावर द्या.

आता काय करू नये ते. जुना फ्रिज किंवा एसी घरी तोडू नका. त्यातला वायू परवानाधारक माणसानेच काढायचा असतो. मायक्रोवेव्ह उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणी वीज साठलेली असू शकते. लिथियम बॅटरी भंगारात टाकू नका, आग लागते. जड वस्तू एकट्याने उचलू नका; आपल्या वयात मोडलेले हाड कुठल्याही तांब्यापेक्षा महाग पडते.

दुसऱ्याच्या दारासमोरची वस्तू विचारल्याशिवाय उचलू नका. अनेक गावांत त्याला मनाई आहे. बांधकामावरचा तुकडाही कोणाच्या तरी मालकीचा असतो. यार्डात बहुतेक राज्यांत ओळखपत्र मागतात. चोरीचा माल रोखण्यासाठी तो कायदा आहे, त्याचा अपमान वाटू देऊ नका. १९८२ पूर्वीच्या बहुतेक पेनींत ९५ टक्के तांबे असते, पण धातूसाठी नाणी वितळवणे गुन्हा आहे.

पाहुणा म्हणून व्हिसावर आलेल्यांनी हे कमाईसाठी करू नये. व्हिसा त्याची परवानगी देत नाही. स्वतःची जुनी वस्तू घेतल्या किमतीपेक्षा कमीत विकली तर कर नाही. पण नियमित गोळा करून विकले आणि वर्षाची निव्वळ कमाई ४०० डॉलर किंवा अधिक झाली, तर विवरणपत्र भरावे लागते. मी दर वर्षी पावत्या जपतो आणि मुलाकडून आकडा लिहून घेतो. सरकारी मदत घेणाऱ्यांनी आधी त्या कार्यालयात विचारावे.

‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न मला नेहमी येतो. याच देशात १९४२ साली युद्धासाठी घरोघरी भंगार गोळा झाले. नेब्रास्कात ओमाहाच्या वृत्तपत्राने ती मोहीम राज्यभर चालवली आणि १९४३ मध्ये त्यासाठी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. आपल्या पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारली. त्यात बहुसंख्य आपल्या बहिणी. शहराचा कचरा निवडून त्यांनी मुले शिकवली. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, मग भाकरी. ज्या कामाने त्यांना कमीपणा आला नाही, त्याने तुम्हा-आम्हाला कसा येईल? शिवाय जुने ॲल्युमिनियम वितळवायला, नवे बनवण्याच्या मानाने साधारण ५ टक्केच ऊर्जा लागते. म्हणजे ही धरणीमातेचीही सेवा.

देवघरातल्या वस्तूंबद्दल भगिनी विचारतात. भंगलेली मूर्ती, समई, घंटा यार्डात नेऊ नका. गुरुजींकडे द्या, ते योग्य विधी सांगतील.

शेवटी विनंती. देवळाच्या मागच्या दाराशी दोन पिंपे ठेवली आहेत, एक लोखंडाचे आणि एक बाकी धातूंचे. ज्यांना हातखर्चाची गरज नाही, त्यांनी घरातली अडगळ तिथे आणावी. येणारा प्रत्येक डॉलर सेवा निधीत जाईल. त्यातून एकट्या ज्येष्ठांची औषधे आणि दवाखान्याला नेण्याची सोय होते. हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल. ज्यांना स्वतः विकायचे आहे, त्यांनी शनिवारी आरतीनंतर मला भेटावे. गाडी माझी, उचलायला तरुण मंडळी आहेत. आणि ज्यांना औषधाची अडचण आहे, त्यांनी संकोच न करता विश्वस्तांशी एकांतात बोलावे. नाव कुठेही छापले जाणार नाही.

 जय जय राम कृष्ण हरी.