मुका स्वर

पेटीचा एखादा सूर बोलेनासा झाला, तर जाणता कारागीर तो लगेच बदलीत नाही. तो पेटी उघडतो, सुराच्या पितळी जिभेपाशी धूळ अडकली आहे काय हे पाहतो, आणि पुष्कळदा एवढ्यानेच सूर मोकळा होतो. आज ज्या वाद्याविषयी बोलावयाचे आहे ते दूरदेशीचे व विजेच्या साहाय्याने बोलणारे आहे. पण त्याच्या दुरुस्तीची रीत मात्र हीच आहे.

हे वाद्य म्हणजे अमेरिकेतील ऱ्होड्स पियानो. त्याचे जनक हॅरल्ड ऱ्होड्स (१९१०–२०००) हे पियानोचे शिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना अंथरुणावर पडल्यापडल्या वाजविता यावे, म्हणून त्यांनी बॉम्बफेकी विमानांच्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांपासून एक लहानसे वाद्य रचले. त्याच प्रयत्नांतून पुढे विजेचा पियानो सिद्ध झाला, आणि १९६५ साली त्र्याहत्तर पट्ट्यांचा ‘फेंडर ऱ्होड्स’ बाजारात आला. १९८० नंतर काही वर्षांतच ती जुनी निर्मिती थांबली. त्या काळची वाद्ये आता वयोवृद्ध झाली असून त्यांचे काही स्वर मुके होऊ लागले आहेत.

या वाद्यात पट्टी दाबली की हातोडी एका पोलादी काडीवर आघात करते. काडीच्या टोकासमोर एक चुंबक असतो व त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. काडी कंप पावली की गुंडाळीत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तोच मोठा होऊन ध्वनिक्षेपकातून ऐकू येतो. या चुंबक-गुंडाळीच्या जोडीस पिकअप म्हणतात. प्रत्येक स्वराला स्वतःचा पिकअप असतो.

स्वर मुका झाला, तर प्रथम वीज बंद ठेवून पट्टी दाबावी व काडीजवळ कान न्यावा. बारीक, स्वच्छ किणकिण ऐकू आली तर काडी शाबूत आहे. मग ती पिकअपपासून फार दूर तर सरकली नाही ना, हे पाहावे. अंतर योग्य असूनही स्वर उमटत नसेल, तर दोष गुंडाळीत शोधावा.

येथे शेजारचे स्वर साक्ष देतात. पिकअप तीन-तीनच्या गटांत समांतर जोडलेले असतात आणि हे गट एकापुढे एक साखळीसारखे असतात. म्हणून एक गुंडाळी तुटली तरी सारे वाद्य बंद पडत नाही. उलट, गटातील उरलेल्या दोन स्वरांचा विद्युत्संकेत सुमारे दीडपट होतो. मुक्या स्वराचे सोबती अकारण मोठ्याने बोलू लागले, की तार तुटल्याचे ओळखावे. मापकयंत्राने याची खात्री करता येते. एका गुंडाळीचा रोध सुमारे १८० ओहम असतो. तिन्ही धड असतील तर गटाचा रोध ६० ओहमच्या आसपास येतो, एक तुटली असेल तर ९०.

आता हात घालावयाचा. तार बहुधा मध्ये कोठे तुटत नाही. गुंडाळीचे टोक जेथे खुंटीला डाख देऊन जोडलेले असते, तेथेच ती गंजून सुटते. भिंगातून ती जागा पाहावी. बाहेरचे टोक सुटले असल्यास तारेचा एक वेढा हलकेच उलगडावा, टोकावरील लेप अलगद खरवडावा, ते खुंटीभोवती गुंडाळून पुन्हा डाख द्यावा. एक वेढा कमी झाल्याने आवाजात फरक जाणवत नाही. मात्र डाख देण्याचे तापते हत्यार क्षणभरच टेकवावे. अधिक वेळ धरल्यास गुंडाळीची बैठक वितळते आणि सुधारता येण्याजोगा भाग कायमचा वाया जातो. आतले टोक तुटले असेल तर मात्र सारी गुंडाळी त्याच जाडीच्या तारेने नव्याने भरणे भाग पडते.

बदली पिकअप आजही मिळतात, आणि जेथे निरुपाय असेल तेथे ते अवश्य बसवावेत. परंतु मुका झालेला प्रत्येक स्वर मेलेला नसतो. पुष्कळदा त्याचा आणि जगाचा संबंध केसाएवढ्या जागी तुटलेला असतो. काढून टाकण्यापूर्वी ती जागा भिंगातून एकदा पाहावी, एवढेच सांगणे.