पुष्परचनेची मूलतत्त्वे आणि फुलमाळ्याचा हात
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आज आम्हांस बोलण्याची आज्ञा केली आणि विषय आमच्याच निवडीवर सोपविला, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च या विषयांवर अधिकाराने बोलणारे वक्ते आपल्यात पुष्कळ आहेत. आमचा जन्म फुलांच्या टोपलीपाशी गेला. तेव्हा आम्ही फुलांविषयीच बोलावे हे बरे.

निमित्त असे झाले. गेल्या लग्नसराईत एका मोठ्या विवाहमंडपात आम्ही फुले पोचती करण्यास गेलो होतो. झेंडू, शेवंती, निशिगंध, गुलाब, सारा माल आमचा. सजावट मात्र बाहेरगावाहून आलेल्या तरुणांच्या हाती होती. आम्ही टोपल्या उतरविल्या तेव्हा त्यांतील एकजण मोठ्या अदबीने म्हणाला, "काका, फुले इथेच ठेवा, तुम्ही थांबला नाहीत तरी चालेल." आम्हांस मालाचे पैसे किलोच्या भावाने मिळाले, त्यांस त्यांच्या दृष्टीचे मिळाले. दोहोंतील अंतराचा आकडा सांगून आम्ही या मंगल प्रसंगी आपले मन खट्टू करीत नाही. पण जालन्यास घरी परतताना एक प्रश्न मनात घोळत राहिला: या मुलांना असे काय येते, की जे आपणांस येत नाही? पुढे आम्ही त्या विद्येची काही पुस्तके मिळवून वाचली, आणि असे आढळले की त्यांना जे येते त्यातील बरेचसे आपल्या हातांस पिढ्यान्‌पिढ्या येतच आहे. त्यांच्यापाशी त्याची नावे आहेत, आपल्यापाशी नाहीत. आणि नाव नसलेल्या कामाची मजुरी मागताना जीभ अडखळते.

त्या पुस्तकांत पुष्परचनेचे घटक आणि तत्त्वे असे दोन विभाग केलेले असतात. रेषा, आकार, अवकाश, रंग, पोत हे घटक. कोणी त्यांत गंधही धरतात. तोल, प्रमाण, लय, प्राधान्य, विरोध, सुसंवाद ही तत्त्वे, म्हणजे ते घटक एकमेकांशी कसे नांदवावेत याचे नियम. ही नावे ऐकून कोणी बिचकू नये. वात्स्यायनाने कामसूत्रात ज्या चौसष्ट कला गणल्या आहेत त्यांत माल्यग्रथन, पुष्पास्तरण आणि मस्तकावरील पुष्पभूषणांची योजना या स्वतंत्र कला म्हणून सांगितल्या आहेत. हार ओवणे ही कला आहे की मजुरी, या वादाचा निकाल त्या काळीच लागलेला होता.

तोलापासून आरंभ करू, कारण तो आम्ही फजितीतून शिकलो. तरुणपणी एका सत्कारसमारंभासाठी आम्ही झेंडूचा प्रचंड हार केला. मोठी मोठी फुले वर, गळ्याच्या बाजूस घातली आणि खाली गुलाबांचा एवढा थोरला गोंडा लावला. हेतू हा की व्यासपीठावर सर्वांचे डोळे दिपावेत. ते दिपले खरे. हार गळ्यात पडताच दोरा तुटला आणि सत्कारमूर्तींच्या हाती अर्धा हार राहिला. वडिलांनी घरी आल्यावर एवढेच विचारले, "पाण्याने भरलेला हंडा काडीवर कोणी टांगतो काय?" फुले वर लहान व खाली क्रमाने मोठी असावीत, गोंड्याने हारास स्थिर करावे, ओढू नये, हे तेव्हा समजले. पुस्तकात तोलाचे दोन प्रकार दिले आहेत, एक प्रत्यक्ष वजनाचा आणि दुसरा डोळ्यांस जाणवणारा. गडद रंग डोळ्यांस जड वाटतो, फिका हलका. म्हणून गडद फुले खाली घ्यावीत. आणि आपण ज्याला गोंडा म्हणतो तेच त्यांचे प्राधान्याचे स्थान, जेथे दृष्टी येऊन विसावते. एका हारास असे स्थान एकच असावे. दर वितीवर गुलाबाचा गुच्छ लावला म्हणजे श्रीमंती दिसते, पण दृष्टीस विसावा कोठेच उरत नाही.

रंगाविषयी आपल्या देवस्थानांनी आपणांस फार शिकविले आहे. राजूरच्या गणपतीस चतुर्थीच्या दिवशी जाणारा भाविक तांबडी जास्वंद आणि दुर्वांची जुडी घेतो. शेंदूरचर्चित मूर्तीवर तांबडे फूल ठेवले तर ते रंगात बुडून जावे. दुर्वांची हिरवी जुडी शेजारी आली की तेच फूल उठून दिसते. रंगचक्रात तांबड्याच्या समोर हिरवा आणि पिवळ्याच्या समोर जांभळा येतो. समोरासमोरचे रंग एकमेकांस उजळवितात, यासच विरोधाचे तत्त्व म्हणतात. केशरी-पिवळ्या झेंडूत जांभळ्या ॲस्टरची एखादी ओळ का खुलते, याचेही उत्तर त्यातच आहे. आणखी एक गोष्ट पुस्तकापेक्षा गाभाऱ्यात लवकर कळते: मंद उजेडात गर्द तांबडे फूल काळपट दिसते, तगर आणि पिवळी शेवंती तेवढी उजळ राहते. तेव्हा फुले कोणत्या उजेडात पाहिली जाणार, हे गिऱ्हाइकास प्रथम विचारावे.

लयीसाठी अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या नवरात्राकडे पाहावे, किंवा आपल्याच घरच्या घटाकडे. कारळ्याची, तरवडाची, झेंडूची माळ रोज एक याप्रमाणे घटावर चढते. तेच फूल, तीच गाठ, तेच अंतर, आणि तरीही नऊ माळांचा तो झोक डोळ्यांस कंटाळवाणा होत नाही. दोन टोकांस बांधलेली माळ आपल्याच भाराने जी कमान घेते, ती कोणाही चित्रकाराच्या हाताहून अचूक असते. सांचीच्या तोरणांवरील शिल्पांत स्तूपास माळा वाहणारी माणसे कोरलेली आहेत आणि स्तूपांभोवती माळांच्या अशाच कमानी दिसतात. त्याच सांचीच्या दानलेखांत भोगवर्धन येथील दात्यांची नोंद आहे, आणि भोगवर्धन म्हणजे आपल्या जिल्ह्यातील भोकरदन. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या भागातून तेथे जाणाऱ्या माणसांनी त्या माळा पाहिल्या असतील, असे मनात आले की आम्हांस आपला धंदा लहान वाटत नाही.

आता आपल्या उणिवेकडे वळू. ती उणीव अवकाशाची आहे. दोन फुलांमध्ये मोकळी जागा राहिली की गिऱ्हाईक फसविले गेले असे समजेल, ही भीती आपल्या हाडीमांसी खिळली आहे. म्हणून आपण ठासून भरतो. जपानी लोकांच्या पुष्परचनेत तीन मुख्य काड्या असतात. कित्येक संप्रदायांत त्यांस आकाश, मनुष्य आणि पृथ्वी अशी नावे आहेत. उरलेली जागा मोकळी, आणि त्या मोकळेपणामुळे प्रत्येक काडीची रेषा निराळी दिसते. हे आम्हांस पुस्तकातून पटले नसते. 2012-13 च्या अवर्षणाने पटविले. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, तेथे फुलांच्या वाफ्यांस पाणी कोठून यावे? फुले इतकी थोडी की आम्ही दोन शेवंत्यांमध्ये आंब्याचे पान दुमडून ओवू लागलो. लाजत लाजतच तो हार दिला. पुढच्या वर्षी पाऊस झाला, फुले आली, तरी काही गिऱ्हाइके तोच "पानांचा हार" मागत आली.

प्रमाणाचा नियम थोडक्यात सांगतो: फुलदाणीतील रचना फुलदाणीच्या उंचीच्या साधारण दीडपट असावी. हाराचे प्रमाण मात्र माणसावर. सडपातळ वधूस पैलवानाचा हार घातला की छायाचित्रात हार दिसतो, वधू दिसत नाही.

ज्या बाबतीत त्या तरुणांनी आपणांकडून शिकावे, अशाही गोष्टी आहेत. पहिली गोष्ट काळाची. मोगऱ्याची कळी सकाळी मिटलेली खुडावी, दुपारी गजरा बांधावा, म्हणजे सायंकाळी ती केसांत उमलते. फूल केव्हा उमलेल हे धरून केलेली रचना त्या पुस्तकांत आम्हांस फारशी आढळली नाही. दुसरी गोष्ट आधाराची. 1954 साली अमेरिकेत पाणी धरून ठेवणारा हिरवा कृत्रिम ठोकळा निघाला आणि तो आता सर्वत्र वापरतात. पण तो प्लॅस्टिकच्याच जातीचा, मातीत कुजत नाही. आपण केळीच्या खांबात फुले टोचतो. तो फुलांस ओलावा देतो आणि दुसऱ्या दिवशी खतात जातो.

एक गोष्ट बोलण्यास कठीण, पण बोलतो. आपल्या घरांत गजरे आणि वेण्या बांधणारे हात बहुतेक स्त्रियांचे. पाटावर बसून पैसे मोजणारे हात पुरुषांचे. आमच्या मातोश्रींची गाठ अशी होती की केळीच्या सोपटाने बांधलेला गजरा कितीही हालला तरी कळी निसटत नसे. ती गाठ आम्ही शिकून घेतली नाही. ते बायकांचे काम, असे समजलो. त्या गेल्या आणि गाठही गेली. आज आमच्या मुली व सुना दुसऱ्या रीतीने बांधतात. चांगले बांधतात, पण ती गाठ ती नव्हे. सभेत कोणा वृद्ध भगिनीस ती येत असेल तर त्यांनी सभा संपल्यावर कृपा करून आम्हांस गाठावे. आम्ही शिकवणीचे पैसे देऊ.

मंडळाने अनुमती दिली आहे, त्याप्रमाणे दसऱ्याची गर्दी ओसरल्यावर येत्या दर रविवारी सकाळी याच सभागृहात आम्ही एक वर्ग घेणार आहोत. प्रथम तोल, मग रंग, मग अवकाश, आणि शेवटी कामाचा अंदाज मांडून मजुरी लिहून देण्याची रीत. मुलींनी अवश्य यावे. ज्यांच्या घरचे नको म्हणतील त्यांच्या घरी आम्ही स्वतः येऊन बोलू. सुई-दोरा ज्याचा त्याने आणावा. फुले आमच्याकडून.