धंद्याची वेबसाइट : नाव कोणाचे, देखभाल कोणाची?

(कामगार शिक्षण शिबिरातील व्याख्यान)



आजचा विषय महागाई भत्त्याचा नाही, बदल्यांचाही नाही. पण तो आपल्या घराशी निगडित आहे. इटारसी, झाशी, सिकंदराबाद, हुबळी अशा ठिकाणी नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी कुटुंबांत घरातील स्त्रिया व मुले जोडधंदा करू लागली आहेत. समजा, इटारसीच्या रेल्वे कॉलनीत राहणारी एक भगिनी शिवलेली नऊवारी तयार करते. गिऱ्हाईक नागपूरलाही आहे आणि बंगलोरलाही. तिने स्वतःची वेबसाइट काढावी का? काढावी, असे माझे मत आहे. मात्र चार गोष्टी समजून घेऊन.

आधी सेवानियम पाहू. टपाल कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ आणि रेल्वे कर्मचाऱ्यांना रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम, १९६६ लागू आहेत. दोन्हींतील नियम १५ प्रमाणे कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय स्वतः व्यापार करता येत नाही. पत्नी, पती वा मुलगा धंदा करीत असेल तर त्याची माहिती खात्याला कळवावी लागते. म्हणून धंदा, बँक खाते व वेबसाइट ही सर्व घरातील त्या व्यक्तीच्याच नावाने असू द्या. संपर्कासाठी आपला ऑफिसचा फोन देऊ नका, युनिफॉर्ममधला फोटो टाकू नका आणि ड्यूटीवर गिऱ्हाईक गोळा करू नका. ग्रामीण डाक सेवकांचे नियम वेगळे आहेत. त्यांनी ते पाहून पाऊल टाकावे. चार्जशीट आल्यावर युनियनकडे धावण्यापेक्षा आज एक अर्ज देणे सोपे आहे.

आता वेबसाइट म्हणजे काय ते पाहू. टपाल बांधवांना हे समजावणे सोपे आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी टपाल अधिकाऱ्याची. सहा आकड्यांवरून पत्र कोणत्या विभागात, कोणत्या सॉर्टिंग जिल्ह्यात, कोणत्या पोस्टात जायचे ते ठरते. इंटरनेटवरही प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नाव देतात. त्याला डोमेन म्हणतात. नावावरून आकडा शोधून देणारी यंत्रणा आर.एम.एस.च्या सॉर्टिंगसारखेच काम करते. वेबसाइटची पाने ज्या यंत्रावर ठेवतात ती जागा म्हणजे होस्टिंग. थोडक्यात, डोमेन हा पत्ता, होस्टिंग ही भाड्याची खोली आणि पाने हे खोलीतले सामान.

खोली बदलता येते, सामान हलवता येते. पत्ता मात्र हातचा गेला तर गिऱ्हाईकच गेले. नेमकी इथेच आपली माणसे फसतात. वेबसाइट बनवून देणारा डोमेन स्वतःच्या नावावर व स्वतःच्या ई-मेलवर नोंदवतो. तीन वर्षांनी तो गाव सोडतो, फोन उचलत नाही किंवा नूतनीकरणासाठी मनमानी रक्कम मागतो. तोवर पिशवीवर, बिलावर, रिक्षामागे तेच नाव छापलेले असते. कष्ट आपले आणि मालकी दुसऱ्याची, हा अन्याय कामगाराला वेगळा सांगायला नको.

उपाय सोपा आहे. ‘डॉट इन’ नावांची नोंदवही ‘निक्सी’ ही संस्था सांभाळते; नोंदणी मान्यताप्राप्त कंपन्यांमार्फत होते. तेथे खाते धंदेवाल्या भगिनीच्या नावाने, तिच्या ई-मेलने व तिच्या मोबाइलने उघडा. पैसे तिच्या खात्यातून भरा व पावती जपा. नोंदणी एक ते दहा वर्षांपर्यंत करता येते. कंपनी बदलायची असल्यास गुप्त संकेतांक घेऊन नाव दुसरीकडे नेता येते. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ नावही मिळते, पण ते एकटे न घेता ‘डॉट इन’च्या जोडीला घ्या. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पाहून भुलू नका. दुसऱ्या वर्षाचा दर विचारा. नावावरून वाद झाल्यास लवादाची सोय आहे. पण तेथे फी भरावी लागते आणि हक्क सिद्ध करावा लागतो.

बांधणीबद्दल फार बोलत नाही. ‘वर्डप्रेस’ हे २००३ पासूनचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याला परवाना शुल्क नाही आणि ते मराठीत चालते. आरंभी चार पाने पुरतात : आम्ही काय करतो, नमुने व दर, मागणी कशी नोंदवावी, आणि पत्ता-फोन. मजकूर युनिकोड मराठीत टाइप करा. मजकुराचा नुसता फोटो टाकला तर तो शोधयंत्राला नीट सापडत नाही. बहुतेक गिऱ्हाईक मोबाइलवरून पाहणार, म्हणून फोटो हलके करून टाका. नऊवारीसाठी कंबर व उंचीचे माप कसे घ्यावे हे चित्रासह दिले तर निम्मे फोन वाचतील.

पैशासाठी सुरुवातीला यूपीआय पुरे. पण गिऱ्हाईकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका. स्वतःच्या बँक खात्यात रक्कम जमा झाल्याचे पाहूनच पार्सल बांधा. आणि पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा.

आता देखभाल. ट्रॅकवरचा साथी जाणतो की रूळ एकदा टाकून भागत नाही. रोज कुणीतरी बीट चालावी लागते. वेबसाइटचेही तसेच आहे. दर महिन्याला सॉफ्टवेअर व त्याची जोडसाधने अद्ययावत करा. जुन्या आवृत्तीतील फटीतूनच चोर शिरतो. सर्व मजकुराची प्रत घरच्या पेनड्राइव्हवर उतरवा आणि ती प्रत पुन्हा उघडते का, हे एकदा तरी करून पाहा. पासवर्ड लांब ठेवा, दुहेरी पडताळणी लावा. वेबसाइटचे सुरक्षा प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा संस्था २०१५ पासून मोफत देते. त्याची मुदत थोडी असते, म्हणून ते आपोआप नवे होते आहे ना, याकडे लक्ष ठेवा.

मजकूरही शिळा होतो. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे दर बदलले. जुना पाठवणी खर्च तसाच राहिला, तर प्रत्येक पार्सलमागे तोटा घरचाच. टपाल खात्यातील माणसाच्या घरी तरी असे होऊ नये!

ग्राहकाप्रती कर्तव्यही आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता व तक्रार ऐकणारी व्यक्ती यांची माहिती द्यावी लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचे असते. ग्राहकांचे पत्ते व फोन दुसऱ्याला देऊ नका; २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे.

शेवटी शाखांना एक विनंती. ज्यांच्या घरी वेबसाइट आहे अशा सभासदांना एका रविवारी बोलवा. डोमेन कोणाच्या नावावर, मुदत कधी संपते, पासवर्ड कोणाकडे, प्रत कोठे, या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने वहीत लिहावीत. ज्याला उत्तर देता आले नाही त्याला जाणत्या साथीने मदत करावी. कॉलनीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना या कामात घ्या. त्यांना शिकायला मिळेल आणि आपल्याला आधार.

घामाने उभा केलेला धंदा एका विसरलेल्या तारखेमुळे किंवा दुसऱ्याच्या नावावरच्या नोंदीमुळे जाऊ नये, एवढेच मला सांगायचे होते.